वॉर्सा कसे पाहावे?



युरोपची सफर करून आलेल्या गृहस्थाला आपण पहिला प्रश्न विचारतो तो "काय काय पाहिलेत?" हा. मग लंडन, पॅरिस, रोम, व्हेनिस अशी नावे बोटांवर मोजली जातात. पोलंडची राजधानी वॉर्सा त्यात बहुधा नसते. असलीच तर एका रात्रीच्या मुक्कामापुरती. ज्यांनी तो मुक्काम केलेला असतो, ते परत आल्यावर एक वाक्य हमखास सांगतात : "जुने शहर म्हणून दाखवतात खरे, पण ते सगळे नवेच आहे हो!" सोन्याचा म्हणून दागिना हाती घ्यावा आणि तो पितळेचा निघावा, असा काहीसा सूर त्या बोलण्यात असतो.

आज आम्हांला बोलावयाचे आहे ते या वाक्याविषयी. वाक्य खोटे नाही. वॉर्साच्या जुन्या गावातील चौकाभोवतीची घरे १९४९ ते १९५३ या काळात उभी राहिली. राजवाडा तर १९८४ साली लोकांना खुला झाला. आज या सभागृहात बसलेल्यांपैकी कित्येकांचे वय त्या राजवाड्याहून जास्त भरेल. आणि तरीही १९८० साली युनेस्कोने हे जुने गाव जागतिक वारशाच्या यादीत घातले. तेव्हा एक तर युनेस्कोच्या पंडितांना जुने-नवे कळत नसले पाहिजे, नाही तर 'जुने' हा शब्द आपण जरा घाईने वापरतो असे म्हटले पाहिजे. आमचे मत दुसऱ्या बाजूचे आहे. पण ते पुरते त्या बाजूचेही नाही. ते का, हे सांगण्यासाठीच हा तासाभराचा प्रपंच.

आरंभीच एक विनंती. पोलिश नावे आमच्या जिभेला सहजी वळत नाहीत. एका व्यंजनाच्या खांद्यावर दुसरे आणि त्याच्या डोक्यावर तिसरे अशी ती चढून बसलेली असतात. आम्ही उच्चारू तशी ती गोड मानून घ्यावीत.

वॉर्सा हे व्हिस्चुला नदीच्या काठचे गाव. पोलंडची पहिली मोठी राजधानी दक्षिणेकडचे क्राकूव. १५९६ च्या सुमारास तिसऱ्या झिग्मुंट राजाने दरबार वॉर्साला हलवावयास सुरुवात केली आणि या गावाचे नशीब उघडले. पुढची दोनशे वर्षे वैभवाची आणि भांडणांची गेली. ३ मे १७९१ रोजी याच गावच्या राजवाड्यात पोलंडने लिखित राज्यघटना मंजूर केली. युरोपातील ती पहिली आधुनिक लिखित घटना असे तिचे वर्णन करतात. चारच वर्षांनी, १७९५ साली, रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया या तीन शेजाऱ्यांनी पोलंडची वाटणी पुरी केली आणि देशच नकाशावरून गेला. तो परत आला १९१८ साली. म्हणजे १२३ वर्षे पोलिश माणसाला राज्य नव्हते. होते ते भाषा, चर्च आणि काही इमारती. इमारतींवर या लोकांचा एवढा जीव का, याचे उत्तर या १२३ वर्षांत आहे. राज्य गेल्यावर राजवाडा हा नुसता दगडाविटांचा राहत नाही.

आता विध्वंसाची हकीकत. ती थोडक्यात सांगून भागणार नाही; कारण "युद्धात शहर पडले" एवढेच पुष्कळांना ठाऊक असते, आणि ते अर्धसत्य आहे. युद्धात लंडन पडले, बर्लिन पडले, कितीतरी शहरे पडली. वॉर्साचा मोठा भाग लढाई संपल्यावर पाडला गेला.

सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मन विमानांनी बाँब टाकले, राजवाडा पेटला, हा पहिला घाव. एप्रिल १९४३ मध्ये ज्यूंच्या कोंडवस्तीत उठाव झाला आणि तो चिरडताना ती सारी वस्ती जमीनदोस्त करण्यात आली, हा दुसरा. १ ऑगस्ट १९४४ रोजी सायंकाळी ५ वाजता पोलिश भूमिगत सेनेने शहरभर उठाव केला. तो ६३ दिवस चालला. सप्टेंबरच्या मध्यापासून सोव्हिएत फौजा नदीच्या पैलतीरावर येऊन ठेपल्या होत्या. परंतु शहराची सुटका झाली नाही. दीड ते दोन लाख नागरिक मेले. ऑक्टोबरच्या आरंभी शरणागतीचा करार झाला, उरलेल्या लोकांना शहराबाहेर हाकलले गेले, आणि मग रिकाम्या शहरात जर्मन तुकड्या शिरल्या. हा तिसरा घाव, आणि तो सर्वांत थंड डोक्याने घातलेला. घरामागून घर जाळावयाचे, ज्या इमारतीला काही महत्त्व आहे तिला सुरुंग लावावयाचा. क्रासिन्स्की ग्रंथालयात गोळा करून ठेवलेली दुर्मीळ हस्तलिखिते आणि पुस्तके त्याच ऑक्टोबरात जाळली. कोणाशी लढाई नव्हती, कोणी गोळी झाडीत नव्हते. एका राष्ट्राची आठवण पुसून टाकण्याचे काम हजेरीपट लावून चालले होते. १७ जानेवारी १९४५ रोजी सोव्हिएत आणि पोलिश फौजा आत आल्या, तेव्हा जुन्या गावाचा ८५ टक्क्यांहून अधिक भाग नष्ट झालेला होता.

या पार्श्वभूमीवर पुढची गोष्ट ध्यानात घ्यावी. अवशेष तसेच ठेवून राजधानी वूज शहराला हलवावी, असाही विचार त्या वेळी पुढे आला होता. तो मागे पडला. फेब्रुवारी १९४५ मध्ये, म्हणजे युरोपातले युद्ध अजून संपले नव्हते तेव्हा, राजधानी पुनर्बांधणी कचेरी स्थापन झाली. तिच्यातील जुन्या वास्तूंच्या विभागाचे प्रमुख होते यान झाख्वातोविच नावाचे प्राध्यापक. या गृहस्थांची अडचण मोठी विलक्षण होती. वास्तुसंरक्षणाचे शास्त्र त्यांना शिकवीत होते की, जे गेले ते गेले; अवशेष जपावेत, नक्कल उभारू नये. त्यांनी ते शास्त्र जाणूनबुजून बाजूला ठेवले. त्यांचे म्हणणे असे की, काळाने पडलेली इमारत निराळी आणि हेतुपुरस्सर हिरावून घेतलेली इमारत निराळी. दुसरी आम्ही पुन्हा बांधणार, आणि ती खरी जुनी नव्हे हे आम्हांला ठाऊक असतानाच बांधणार.

पण बांधावयाची कशावरून? येथे दोन गोष्टी उपयोगी पडल्या.

पहिली गोष्ट म्हणजे विद्यार्थ्यांच्या वह्या. युद्धापूर्वी वॉर्साच्या पॉलिटेक्निकमध्ये ऑस्कर सोस्नोव्स्की नावाचे अध्यापक आपल्या विद्यार्थ्यांना जुन्या घरांची मापे घ्यावयास पाठवीत. दार किती रुंद, कोनाडा किती खोल, जिना कोठून वळतो. विद्यार्थी बहुधा कंटाळतही असतील. अभ्यासक्रमातल्या अशा कामाला कोण कंटाळत नाही? १९३९ च्या वेढ्यात सोस्नोव्स्की जखमी होऊन मरण पावले. त्यांच्या सहकाऱ्यांनी ती रेखाटने सांभाळली, व्यापाच्या काळात गुप्तपणे त्यांत भरही घातली, आणि उठाव फसल्यानंतर मोडक्या शहरातून ती बाहेर काढून पिओत्रकूव येथील एका मठात दडवली. शहर जळाले, शहराची मापे वाचली. या पुनर्बांधणी कचेरीचे दप्तर २०११ साली युनेस्कोच्या 'जगाची स्मृती' या नोंदवहीत गेले आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे चित्रे. बेर्नार्दो बेल्लोत्तो हा व्हेनिसचा चित्रकार. प्रसिद्ध कानालेत्तोचा तो भाचा, आणि मामाचेच नाव लावून तो खपे. पोलंडात त्याला आजही कानालेत्तोच म्हणतात. शेवटचा पोलिश राजा स्तानिस्वाव ऑगस्ट पोन्यातोव्स्की याच्या पदरी तो राहिला आणि १७८० साली वॉर्सातच वारला. त्याने राजासाठी वॉर्साची दृश्ये रंगवली : रस्ते, चर्चे, वाडे, घोडागाड्या, भिकारी, कुत्री सगळे. त्यांतली २२ चित्रे आज राजवाड्याच्या एका दालनात आहेत. युद्धात जर्मनांनी ती पळवली होती; युद्धानंतर परत मिळाली. चित्रकार इतका बारकाईने काम करी की खिडकीवरची नक्षी मोजून घ्यावी. त्या चित्रांवरून खरोखरच इमारती बांधल्या गेल्या.

मात्र यातच एक मेख आहे. बेल्लोत्तो हा चित्रकार होता, मोजणीदार नव्हे. इमारत जरा शोभिवंत करण्याचा मोह त्यालाही होई. शिवाय त्याने रंगवले ते १७७० च्या आसपासचे वॉर्सा, आणि जर्मनांनी पाडले ते १९४४ चे. मधल्या पावणेदोनशे वर्षांत कित्येक घरांवर मजले चढले होते, दर्शनी भिंती बदलल्या होत्या. बांधताना हे मजले गाळले. म्हणजे आज आपण ज्या रस्त्यावरून चालतो, तो नेमका तसा १९३९ साली नव्हता. पोलिश माणसाला ज्या काळचे वॉर्सा आठवावेसे वाटत होते, त्या काळचे ते आहे. पारतंत्र्याच्या शतकाने चढवलेला थर स्वातंत्र्याच्या आठवणीसाठी खरवडून काढला. याला कोणी लबाडी म्हणेल. आम्ही म्हणणार नाही. पण पाहणाऱ्याला हे ठाऊक असले पाहिजे. ज्यांना पाहावयाचे आहे त्यांची सोय अशी की, राजवाड्याकडून निघणाऱ्या राजरस्त्यावर ठिकठिकाणी त्या त्या चित्राची प्रत उभी केलेली आहे. चित्राशेजारी उभे राहावे, एकदा चित्र पाहावे, एकदा रस्ता, आणि फरक मोजावेत. तास दीड तास मजेत जातो आणि दमडी पडत नाही.

आता प्रत्यक्ष फिरावयास निघू. वॉर्सातला हा भाग पायीच पाहिला पाहिजे. बसमधून तो पाहणारांनी घरी बसून चित्रे पाहिली तरी चालेल.

प्रथम राजवाड्यासमोरच्या चौकात जावे. मध्ये उंच खांबावर झिग्मुंट राजा आहे, एका हातात क्रूस आणि दुसऱ्यात तलवार. हा स्तंभ त्याच्या मुलाने १६४४ साली उभारला. सर्व प्रवासी मान वर करून राजाकडे पाहतात आणि छायाचित्र घेतात. आम्ही सुचवू की आधी जमिनीकडे पाहावे. राजवाड्याच्या बाजूला गवतात दोन मोडके खांब आडवे पडलेले आहेत. एक मूळचा सतराव्या शतकातला, दुसरा एकोणिसाव्या शतकात त्याच्या जागी बसवलेला आणि १९४४ च्या सप्टेंबरात पाडलेला. राजाचा पुतळा पडला, पण बचावला. १९४९ साली नवा खांब करून त्यावर त्याला पुन्हा चढवले. तेव्हा वर जुना राजा, खाली नवा खांब, आणि बाजूला मेलेले दोन खांब. सगळ्या वॉर्साची गोष्ट या एका कोपऱ्यात उघडी मांडून ठेवली आहे. कोणी काही लपवीत नाही. पितळेचा दागिना सोन्याचा म्हणून विकणारा सोनार आपली मूस दुकानाच्या दारात ठेवीत नाही.

तेथून अरुंद गल्लीने संत योहानाच्या चर्चकडे जावे. त्याचा दर्शनी भाग विटांचा, साधा आणि उभट आहे, आणि तो झाख्वातोविच यांच्या कल्पनेतला आहे. युद्धापूर्वी तेथे एकोणिसाव्या शतकातली नक्षीदार भिंत होती. ती त्यांनी पुन्हा बांधली नाही. या प्रांतातले मध्ययुगीन चर्च कसे असावे याचा अंदाज करून नवी भिंत उभारली. आमच्या मते येथे प्राध्यापकमहाशयांनी अधिकार जरा जास्तच घेतला. हिरावून नेलेले परत आणतो म्हणणाऱ्याने नेले तेच परत आणावे. चर्चच्या बगलेच्या गल्लीत मात्र भिंतीत एक लोखंडी पट्टा बसवलेला दिसेल, रणगाड्याच्या साखळीसारखा. उठावाच्या वेळी जर्मनांनी दुरून चालवता येणाऱ्या सुरुंगगाड्या वापरल्या, त्यांतल्या एकीचा हा तुकडा. पुष्कळ लोक त्याच्या बाजूने बोलत बोलत निघून जातात.

मग येतो बाजारचौक. चार बाजूंना अरुंद, रंगीत घरे. मध्ये ढाल-तलवार घेतलेली जलकन्या, जी या शहराचे चिन्ह आहे. घरांच्या भिंतींवर जी चित्रे आणि नक्षी आहे ती पुष्कळशी १९५० नंतरच्या कलावंतांनी काढलेली आहे, आणि जवळ जाऊन पाहिल्यास ती त्यांच्या काळाची वाटते, सतराव्या शतकाची नव्हे. या घरांच्या मागे गेल्यास आणखी एक गोष्ट ध्यानात येते. युद्धापूर्वी मागच्या अंगाला कोंदट जोडखोल्यांची दाटी होती. गरीब माणसे त्यांत कशीबशी राहत. त्या पुन्हा बांधल्या नाहीत. तेथे अंगणे आणि झाडे आली. घरांत नळ आणि स्नानगृहे आली. समोरून अठरावे शतक आणि मागून विसावे. आम्हांला यात गैर काही दिसत नाही. चारशे वर्षांपूर्वीची दुर्गंधीही जशीच्या तशी हवी असा हट्ट कोणी धरील असे वाटत नाही. या चौकाच्या उत्तर बाजूला शहराचे संग्रहालय आहे, तेथे मोडलेल्या चौकाची छायाचित्रे आहेत. ती पाहून पुन्हा चौकात यावे.

विटांविषयी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. जुन्या तटाचा बुरूज पुन्हा बांधताना व्रॉत्स्वाफ आणि निसा या गावांतल्या पडक्या इमारतींच्या विटा आणल्या. ही दोन्ही गावे १९४५ पर्यंत जर्मनीची होती. तेव्हा वॉर्साच्या 'पोलिश' बुरुजात जर्मन गावांच्या विटा आहेत. आणि ही सारी पुनर्बांधणी सोपी झाली ती ऑक्टोबर १९४५ च्या एका हुकुमामुळे, ज्याने शहरातली सर्व जमीन सरकारने ताब्यात घेतली. घराचा मालक कोण, हे विचारण्याचे कारणच उरले नाही. त्या मालकांच्या वारसांचे दावे पुढे कित्येक दशके चालत राहिले. सुंदर चौकाच्या हिशेबात हीसुद्धा एक रक्कम आहे.

राजवाड्याला इतकी वर्षे का लागली? साम्यवादी सरकारला राजाच्या घराची घाई नव्हती. १९७१ साली निर्णय झाला आणि लोकांनी वर्गणी दिली. परदेशांत राहणाऱ्या पोलिश लोकांनीही दिली. बांधावयाचे सामान मात्र आधीपासून जपून ठेवलेले होते. १९३९ च्या आगीनंतर, जर्मन अंमल चालू असताना, स्तानिस्वाव लोरेन्त्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जिवावर उदार होऊन चौकटी, कोरीव दगड, लाकडी नक्षीचे तुकडे, चित्रे बाहेर काढली. ते तुकडे आज नव्या भिंतींत आपापल्या जागी बसलेले आहेत. मनोऱ्यावरचे घड्याळ १७ सप्टेंबर १९३९ रोजी सव्वाअकरा वाजता बाँबवर्षावात बंद पडले. १९ जुलै १९७४ रोजी ते पुन्हा चालू केले, तेही सव्वाअकरा वाजता. या मनोऱ्यावरून रोज सव्वाअकराला तुतारी वाजते. शक्य तर त्या वेळी खाली उभे असावे.

येथवर पाहून बहुतेक सफरी संपतात. पुढे शोपँचे हृदय ज्या चर्चच्या खांबात ठेवले आहे ते चर्च, वाझ्येन्की बागेतला पाण्यावरचा महाल, उन्हाळ्यात रविवारी त्या बागेत होणारे पियानोवादन, आणि स्टॅलिनची भेट म्हणून १९५५ साली उभा राहिलेला २३७ मीटर उंचीचा संस्कृतिप्रासाद. या शेवटच्या इमारतीवरून वॉर्साचा देखावा सर्वांत चांगला दिसतो, कारण तेथून ती इमारत दिसत नाही, असा तेथल्या लोकांचा जुना विनोद आहे. हे सगळे पाहावे. त्यासाठी आमच्या व्याख्यानाची गरज नाही.

आम्ही आग्रह धरू तो दुसऱ्या एका भागासाठी, जेथे पाहण्यासारखे काही नाही असे कोणीही सांगेल. जुन्या गावापासून पश्चिमेकडे वीस मिनिटे चालले की मुरानूव नावाची वस्ती लागते. तीन-चार मजल्यांच्या साध्या चाळीवजा इमारती, झाडे, मुलांच्या घसरगुंड्या. जरा लक्ष दिले तर एक गोष्ट चमत्कारिक वाटते. पुष्कळ इमारती रस्त्यापेक्षा उंचावर आहेत. दाराशी जाण्यासाठी चार-दोन पायऱ्या किंवा चढाव चढावा लागतो. गावची जमीन तर सपाट. मग हे उंचवटे कसले?

युद्धापूर्वी वॉर्साच्या सुमारे १३ लाख वस्तीत ३.५ लाख ज्यू होते. मुरानूव हे त्यांचे मुख्य ठिकाण. नोव्हेंबर १९४० मध्ये जर्मनांनी भिंत घालून त्यांना कोंडले. आत ४ लाखांहून अधिक माणसे झाली. १९४२ च्या उन्हाळ्यात दोन महिन्यांत अडीच लाखांहून अधिक लोकांना ट्रेब्लिंका येथे नेऊन मारले. पुढच्या वर्षीचा उठाव चिरडल्यावर वस्ती मुळापासून पाडली, आणि १६ मे १९४३ रोजी मोठे प्रार्थनामंदिर सुरुंगाने उडवले. युद्ध संपले तेव्हा मुरानूवात घरे नव्हतीच, विटांचा समुद्र होता. तो उपसणे अशक्य होते. बोहदान लाखेर्त या वास्तुकाराने ठरवले की ढिगारे हलवावयाचे नाहीत. त्यांवरच नवी घरे बांधावयाची, आणि तीही त्याच ढिगाऱ्यांतला चुरा मिसळून केलेल्या ठोकळ्यांची. भिंतींना गिलावा करावयाचा नाही, त्यांचा लालसर रंगच स्मारक म्हणून राहील. बांधले तसे. पण राहावयास आलेल्या लोकांना त्या उघड्या, उदास भिंती नकोशा झाल्या. थोड्याच वर्षांत गिलावा झाला, वर रंग झाला. उंचवटे मात्र राहिले.

आता जुन्या गावाचा चौक आणि मुरानूव ही दोन्ही मनात शेजारी ठेवावीत. एकाच शहरात, एकाच काळात, एकाच कचेरीच्या देखरेखीखाली एक भाग खिडकीवरच्या नक्षीसकट परत आणला गेला आणि दुसऱ्यावर नवे गाव वसवले गेले. आमचा रोख दोष देण्याचा नाही. चौक बांधला तर त्यात राहावयास पोलिश माणसे होती. मुरानूवची जुनी घरे बांधली असती तर त्यांत राहावयास कोणी उरलेले नव्हते. पण वॉर्साला जाऊन जो नुसता चौक पाहून येतो आणि "सगळे परत बांधले" म्हणून कौतुक करतो, त्याने शहर पाहिलेले नाही. सगळे परत बांधलेले नाही. 'नकली' म्हणून नाक मुरडणारा आणि 'अद्भुत' म्हणून टाळ्या वाजवणारा, हे दोघेही त्याच चौकात उभे असतात.

मुरानूवात काय पाहावे? रस्त्यांत काही ठिकाणी फरसबंदीत लोखंडी पट्टी बसवली आहे. कोंडवस्तीची भिंत होती त्या रेषेवर. ट्रामची वाट पाहणारे लोक तिच्यावर उभे असतात. १९४८ चे वीरस्मारक आहे, ज्याच्यापुढे ७ डिसेंबर १९७० रोजी पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर विली ब्रांट गुडघे टेकून बसले. त्यासमोर पोलंडच्या ज्यूंच्या हजार वर्षांच्या जीवनाचे मोठे संग्रहालय आहे. त्याला एक दिवस द्यावा. आणि मोठ्या प्रार्थनामंदिराच्या जागी आता निळ्या काचांची उंच इमारत आहे, तिच्या शेजारी ज्यू इतिहास संस्थेचे जुने घर आहे. तेथे दुधाची एक मोठी, गंजलेली बरणी ठेवली आहे.

एमानुएल रिंगेलब्लूम नावाच्या इतिहासकाराने कोंडवस्तीत गुपचूप माणसे जमवली आणि सर्व काही लिहून ठेवावयाचे ठरवले : भाव, अफवा, मुलांचे निबंध, शिधापत्रिका, मिठाईचे कागद, मरणाऱ्यांची पत्रे. ते पत्र्याच्या पेट्यांत आणि दुधाच्या दोन बरण्यांत भरून जमिनीत पुरले. रिंगेलब्लूम १९४४ साली मारले गेले. १९४६ साली पेट्या सापडल्या, १९५० साली बरण्या. मिळून सुमारे ३५ हजार पाने. आणखी एक भाग पुरलेला होता, तो अजून सापडलेला नाही.

याच भिंतीआड यानुश कोर्चाक नावाचे डॉक्टर अनाथ मुलांचे घर चालवीत होते. १८ जुलै १९४२ रोजी त्या मुलांनी एक नाटक केले. नाटक रवींद्रनाथांचे होते, 'डाकघर'. खोलीत कोंडलेला एक आजारी मुलगा खिडकीतून रस्ता पाहतो आणि राजाच्या पत्राची वाट बघतो, ते नाटक. आपल्यापैकी अनेकांनी ते वाचले असेल, शाळेत पाहिले असेल. चारच दिवसांनी गाड्या भरावयास सुरुवात झाली. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कोर्चाक आणि सुमारे दोनशे मुले त्यांतून गेली. ते घर जेथे होते ती जागा आता त्या संस्कृतिप्रासादाच्या आवारात मोडते. वरच्या गच्चीवरून देखावा पाहून झाल्यावर खाली उतरून त्या जागेवर पाच मिनिटे उभे राहावे.

महाराष्ट्रातल्या माणसाने पाहावी अशी आणखी एक जागा आहे. १९४० च्या सुमारास सोव्हिएत अंमलदारांनी पूर्व पोलंडातून ज्या लाखो लोकांना सैबेरिया आणि कझाकस्तानात पिटाळले, त्यांतल्या सुटलेल्या सुमारे पाच हजारांना कोल्हापूरजवळ वळिवडे येथे आसरा मिळाला. १९४३ ते १९४८ अशी पाच वर्षे पंचगंगेच्या खोऱ्यात एक पोलिश गाव नांदत होते. बहुतेक बायका आणि मुले. त्यांच्या मूळ गावांची जमीन युद्धानंतर सोव्हिएत संघात गेली, म्हणून कित्येकांना परत जावयास घरच नव्हते. वॉर्सात मोन्ते कासिनोच्या लढाईच्या स्मारकाजवळ कोल्हापूरच्या नावाने स्मृतिशिला आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तेथे पुष्पचक्र वाहिले तेव्हा ती आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत आली. रोमन लिपीत 'कोल्हापूर' ही अक्षरे त्या दूरच्या गावी वाचताना काय वाटते, ते आम्ही येथे सांगत नाही.

शेवटी आजच्या एका वादाविषयी. जुन्या गावापासून जवळच मोठे मैदान आहे. तेथे साक्सन प्रासाद होता. जर्मन गुप्तलिपीचे कोडे पोलिश गणितज्ञांनी १९३२ च्या डिसेंबरात सोडवले ते याच इमारतीत. डिसेंबर १९४४ मध्ये तो प्रासाद उडवला. उरल्या फक्त मधल्या तीन कमानी, कारण त्यांखाली अज्ञात सैनिकाची समाधी होती. त्या तीन तुटक्या कमानी, त्यांच्या कडा जशा मोडल्या तशाच, ८० वर्षे मैदानात उभ्या आहेत. २०२१ साली हा प्रासाद पुन्हा बांधण्याचा कायदा झाला. वास्तुकारांची स्पर्धाही होऊन गेली आहे. वॉर्सातल्या लोकांत यावर दुमत आहे. एक पक्ष म्हणतो, राजवाडा बांधला, मग हा का नको? दुसरा म्हणतो, त्या कमानी जे सांगतात ते पुरा प्रासाद सांगू शकणार नाही. गंमत म्हणजे त्याच मैदानात रशियन राजवटीने उभारलेले एक भव्य ऑर्थोडॉक्स चर्च होते, ते पोलिश लोकांनी स्वतःच १९२० नंतरच्या दशकात पाडले. ते पुन्हा बांधा असे मात्र कोणी म्हणत नाही.

आमचे मत विचाराल तर आम्ही दुसऱ्या पक्षाचे. १९४५ साली ज्यांनी बांधले, त्यांच्या डोळ्यांदेखत शहर पाडलेले होते. त्यांचे बांधणे हे उत्तर होते. आज तीन पिढ्यांनंतर उत्तराची ती निकड उरलेली नाही, आणि कमानी स्वतःच बोलक्या आहेत. परंतु आम्ही तेथले नागरिक नव्हे, पाहुणे आहोत, आणि घर कसे बांधावे हे पाहुण्याने यजमानाला सांगू नये. एवढेच सुचवितो की, आपणांपैकी कोणाचा त्या बाजूला जाण्याचा बेत असेल तर तो फार लांबणीवर टाकू नका. मैदानात जाऊन त्या कमानी आहेत तशा, उघड्यावर, एकदा पाहून घ्या.